इंजिन मोठं केलं, पॉवर कमी केली! एका टूरिंग बाईककडून शिकायचा धंद्याचा धडा



रविवारच्या व्हिडिओत मी बोर्डावर दोन ओळी लिहिल्या होत्या. वरची ओळ: १०४३ सीसी, १४२ पीएस. खालची ओळ: १०९९ सीसी, १३६ पीएस. आणि विचारलं होतं, एकाच कंपनीच्या या दोन गाड्यांपैकी नवी कुठली?

बहुतेकांनी वरची सांगितली. साहजिक आहे. नवीन मॉडेल म्हटलं की पॉवर वाढलेलीच असणार, असं आपण धरूनच चालतो. पण नवी गाडी खालची आहे. कावासाकीची निन्जा ११००एसएक्स. आधीच्या निन्जा १०००एसएक्सचं इंजिन कंपनीने ५६ सीसीने मोठं केलं आणि पॉवर मात्र ६ पीएसने खाली आणली. आणि डिसेंबर २०२४ मध्ये हीच गाडी भारतात १३ लाख ४९ हजार रुपये एक्स-शोरूमला आणली.

आता तुम्ही म्हणाल, सर, आमचं किराण्याचं दुकान, आमचं प्रिंटिंग, आमचा या बाईकशी काय संबंध? संबंध आहे. "समोरच्याकडे जास्त आहे, मग मी पण वाढवतो" या एका विचारापायी आपल्या बॅचमधल्या किती जणांनी कर्ज काढलंय, हे मी पाहिलंय. म्हणून आज ही गाडी नीट उघडून बघू. बाईकची आवड नसली तरी वाचा. वही-पेन जवळ ठेवा, शेवटी गृहपाठ आहे.

आधी ही कसली बाईक आहे ते समजून घ्या

मोठ्या बाईकमध्ये ढोबळ दोन टोकं असतात. एका टोकाला रेसिंगसाठी बनवलेल्या सुपरबाईक. हलक्या, चपळ, पुढे ओणवं होऊन चालवायच्या. दुसऱ्या टोकाला भल्यामोठ्या टूरिंग गाड्या. सोफ्यासारखी सीट, मोठाले डिक्कीचे डबे, वजन साडेतीनशे किलोच्या पुढे.

स्पोर्ट-टूरिंग म्हणजे या दोघांच्या मधली जागा. घाटात वळणं घेताना मजा आली पाहिजे आणि सहाशे किलोमीटर झाल्यावर माणूस उभाही राहिला पाहिजे. गिऱ्हाईक एकच, त्याच्या मागण्या दोन, आणि त्या एकमेकींच्या विरोधात. ओळखीचं वाटतंय ना? "चांगलं पण पाहिजे, स्वस्त पण पाहिजे" म्हणणारं गिऱ्हाईक तुमच्याकडे रोज येतं.

निन्जा १००० ही गाडी २०११ च्या मॉडेलपासून या जागेत आहे. कंपनीने तिच्यासाठी सगळं नव्याने बनवलं नाही. झेड१००० नावाची फेअरिंग नसलेली गाडी तयार होती, तिचं १०४३ सीसीचं इंजिन घेतलं. त्यावर वारा अडवणारं फेअरिंग चढवलं, १९ लिटरची टाकी बसवली, लांब पल्ल्याच्या हिशोबाने बाकीची गाडी जुळवली. हा पहिला छोटा धडा लिहून ठेवा: नवा माल म्हणजे दरवेळी नवं मशीन नसतं. आहे त्याच मशीनवर वेगळ्या गिऱ्हाइकासाठी वेगळी वस्तू निघू शकते.

एकाच घरातले दोन भाऊ

आता तुलना करू. कावासाकीकडेच निन्जा झेडएक्स-१०आर नावाची सुपरबाईक आहे. याच मालिकेच्या गाडीवर जोनाथन रेने २०१५ ते २०२० सलग सहा वेळा वर्ल्ड सुपरबाईकचं विजेतेपद मिळवलं. म्हणजे ती गाडी कमी दर्जाची आहे असं कोणी म्हणू शकत नाही. २०२१ च्या झेडएक्स-१०आरचे आकडे आणि टूरिंगवाल्या १०००एसएक्सचे आकडे शेजारी ठेवतो:

इंजिन: ९९८ सीसी आणि १०४३ सीसी.
पॉवर: १३,२०० आरपीएमला २०३ पीएस आणि १०,००० आरपीएमला १४२ पीएस.
टॉर्क: ११,४०० आरपीएमला ११४.९ न्यूटन-मीटर आणि ८,००० आरपीएमला १११ न्यूटन-मीटर.
टाकी: १७ लिटर आणि १९ लिटर.
वजन: २०७ किलो आणि साधारण २३५ किलो.

कागदावर बघितलं तर टूरिंगवाला भाऊ हरला. ६१ पीएस कमी, २८ किलो जड. दुकानात दोन वस्तू शेजारी ठेवल्या आणि गिऱ्हाईक फक्त आकडे वाचत असेल, तर दुसरी कोणी घेणारच नाही.

पण टॉर्कची ओळ पुन्हा वाचा. ११४.९ आणि १११. फरक जेमतेम साडेतीन टक्क्यांचा. मग पॉवरमध्ये एवढा फरक आला कुठून?

वड्याचा घाणा आणि टॉर्कचं गणित

हे समजायला आपण वडापावच्या गाडीवर जाऊ.

कढईत एका घाण्यात किती वडे निघतात, तो झाला टॉर्क. तासाला किती घाणे काढता, ते झालं आरपीएम. आणि तासाला एकूण किती वडे निघाले, ती झाली पॉवर. पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम, बस. यात गूढ काही नाही.

या दोन गाड्यांच्या कढया जवळपास सारख्याच आहेत. झेडएक्स-१०आर जास्त वडे काढते, कारण ती जास्त वेगाने घाणे काढते. १३,२०० आरपीएमपर्यंत इंजिन फिरवलं तरच ते २०३ पीएस हातात येतात. आता मला सांगा, दुपारी तीन वाजता गाडीवर चारच गिऱ्हाइकं उभी असताना कोणी भट्टी फुल करून घाण्यावर घाणे काढतं का?

रस्त्यावर हेच होतं. मोठी बाईक वरच्या गिअरमध्ये ताशी १०० किलोमीटरने चालली असेल, तर इंजिन साधारण ४,००० आरपीएमच्या आसपास फिरत असतं. ट्रक ओव्हरटेक करायचा असेल, तर तिथूनच जोर लागतो. टूरिंगच्या इंजिनाची ओढ खालच्या आरपीएमपासूनच भरलेली ठेवलेली असते. मूठ पिळली की गाडी निघाली. सुपरबाईकवर तोच जोर हवा असेल तर आधी दोन गिअर खाली टाका, इंजिनाला वर चढवा, मग ती उडते. ट्रॅकवर ही मजा आहे. कराड ते बेळगाव दर पाच मिनिटांनी असं करायचं म्हटलं की तो त्रास होतो.

आणखी एक गोष्ट. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे चार पदरी महामार्गावर मोटरसायकलला ताशी ८० किलोमीटरची कमाल मर्यादा आहे. झेडएक्स-१०आर पहिल्या गिअरमध्येच ताशी १०० च्या बरीच पुढे जाते. म्हणजे ज्या आकड्यासाठी पैसे मोजले, तो आकडा कायद्यात राहून आपल्या रस्त्यावर कधी गाठताच येत नाही.

इथे कोणीतरी हुशार माणूस म्हणेल, "सर, मग १३६ पीएस तरी कशाला पाहिजेत?" बरोबर आहे! ८० च्या मर्यादेत १३६ सुद्धा जास्तच आहेत. म्हणूनच या गाडीची खरी किंमत पॉवरमध्ये नाही. ती कशात आहे, ते आता बघू.

खरा शत्रू: वारा

पुणे ते बेंगळुरू साधारण ८४० किलोमीटर. चहा-जेवण धरून सरासरी ताशी ६५ पडली, तर तेरा तास. या तेरा तासांत माणूस दमतो कशाने? वाऱ्याने. आवाजाने. मनगटावर आलेल्या भाराने.

वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट केला की जोर चौपट होतो. एक ढोबळ हिशोब करून दाखवतो. सरळ बसलेल्या माणसाची वाऱ्यासमोर येणारी जागा ०.४ चौरस मीटर धरली, तर ताशी ४० ला छातीवर साधारण ३ किलोचा जोर येतो. ८० ला १२ किलो. १२० ला २७ किलो. ८० च्या वेगाने जाताना दहा-बारा किलोचं पीठाचं पोतं कोणीतरी सतत छातीवर ढकलतंय, आणि तुम्ही ते हँडल घट्ट धरून परत लोटताय. तेरा तास. संध्याकाळी खांदे का भरून येतात, कळलं?

फेअरिंग सुपरबाईकलाही असतं. पण त्याचा पूर्ण फायदा घ्यायचा तर टाकीवर छाती टेकवून झोपावं लागतं. लॅपभर जमतं, दिवसभर नाही. टूरिंगच्या गाडीत हँडल वर आणि जवळ घेतलेलं असतं, पाय जरा खाली, पाठ बऱ्यापैकी सरळ, आणि समोरची काच त्या सरळ बसलेल्या माणसाच्या मापाची. ही काच चार ठिकाणी कमी-जास्त करता येते. उंच माणूस एका जागी ठेवेल, बुटका दुसऱ्या.

हा विचार कावासाकीने शोधलेला नाही. १९७६ ला बीएमडब्ल्यूने आर१००आरएस नावाची गाडी आणली. ९८० सीसी, ७० पीएस. त्या वेळी बाजारात कावासाकीचीच झेड१ चार वर्षं धावत होती, ९०३ सीसी आणि ८२ पीएस. पॉवरच्या शर्यतीत जर्मन गाडी मागे होती. बीएमडब्ल्यूने त्या शर्यतीत उतरण्याऐवजी इटलीत पिनिनफरिनाच्या विंड टनेलमध्ये जाऊन गाडीवर वारा सोडला आणि माणसासकट सगळं झाकेल असं पूर्ण फेअरिंग घडवलं. गिऱ्हाईक ऑटोबानवर तासन् तास गाडी चालवत होतं. त्याला बारा पीएस जास्त मिळाले असते तरी छातीवरचा वारा तसाच राहिला असता. कंपनीने तो वारा काढून घेतला. आज स्पोर्ट-टूरिंग म्हणून जे काही विकलं जातं, त्यावर या गाडीची छाप आहे.

फीचरची यादी कशी वाचायची

आता ११००एसएक्सची फीचर लिस्ट घेऊ. शोरूममध्ये सेल्समन ती पाठ म्हणून दाखवतो. आपण ती वेगळ्या पद्धतीने वाचू. प्रत्येक फीचरसमोर एकच प्रश्न: हे प्रवासात कितव्या तासाला कामाला येतं?

क्रूझ कंट्रोल: दुसऱ्या तासाला. वेग एकदा ठरवला की उजवी मूठ सारखी पिळून धरावी लागत नाही. मनगट सुटतं.

क्विकशिफ्टर: क्लच न दाबता गिअर वर-खाली. सुपरबाईकवर हे लॅपमधला क्षणाचा भाग वाचवायला असतं. इथे कंपनीने ते १,५०० आरपीएमपासूनच चालेल असं केलंय. म्हणजे गावातून सावकाश जातानाही डाव्या हाताला विश्रांती. फीचर तेच आहे, कारण बदललं.

असिस्ट अँड स्लिपर क्लच: क्लच हलका लागतो आणि पटकन गिअर खाली टाकला तरी मागचं चाक झटका देत नाही. टोलनाक्याच्या रांगेत कळतं.

रायडिंग मोड: स्पोर्ट, रोड, रेन आणि स्वतः जुळवायचा रायडर. रेन मोड लावला की पॉवर कमी होते. नीट ऐका, गिऱ्हाईक बटण दाबून स्वतःहून पॉवर कमी करून घेतं! आंबा घाटात जुलैच्या पावसात, मागे बायको बसलेली असताना, त्याला तेच पाहिजे असतं.

ट्रॅक्शन कंट्रोल आणि एबीएस: बहुतेक दिवस यांचा पत्ताही लागत नाही. ज्या दिवशी वळणावर ऑइल सांडलेलं असतं, त्या एका दिवसासाठी ते आहे.

मागच्या सस्पेन्शनची फिरकी: हे माझं आवडतं. मागे माणूस आणि सामान आलं की गाडी मागून बसते. इथे पाना न शोधता हाताने फिरकी फिरवून सस्पेन्शन कडक करता येतं. जाहिरातीत याचा फोटो मोठा छापत नाहीत. पण कुटुंबासकट निघालेल्या माणसाला याची किंमत पहिल्याच स्पीडब्रेकरला कळते.

साइड बॉक्स: प्रत्येकी २८ लिटरचे, वेगळे विकत घ्यायचे. गाडीला आधीपासून जागा केलेली आहे, त्यामुळे बाहेर लोखंडी सांगाडा लागत नाही. डबे काढले की गाडी पुन्हा स्पोर्ट दिसते.

टाकी: १९ लिटर. लिटरला १७ किलोमीटर धरले तर ३२० च्या पुढे जाते. पुण्यात फुल केली तर बेळगावच्या जवळ येईपर्यंत पंप शोधायला नको.

बघा, या यादीत "जगात सगळ्यात जास्त" असं काहीच नाही. पण प्रत्येक गोष्टीला प्रवासातली एक वेळ आहे.

मग पॉवर कमी का केली?

आता सुरुवातीच्या कोड्याकडे येऊ.

१०४३ चं १०९९ करताना कंपनीने पिस्टनचा व्यास ७७ मिलिमीटरच ठेवला. स्ट्रोक, म्हणजे पिस्टन वर-खाली जायचं अंतर, ५६ वरून ५९ मिलिमीटर केलं. स्ट्रोक लांबला की इंजिन सहसा खालच्या आरपीएमला जास्त जोमाने ओढतं, पण खूप वर फिरायला तेवढं राजी नसतं. परिणाम असा: टॉर्क १११ वरून ११३ न्यूटन-मीटर, आणि तो ८,००० ऐवजी ७,६०० आरपीएमलाच. पॉवर १३६ पीएस, ती १०,००० ऐवजी ९,००० ला. सोबत पाचवा आणि सहावा गिअर लांब केला, म्हणजे त्याच वेगाला इंजिन आणखी सावकाश फिरतं. धूर आणि आवाजाचे कडक होत गेलेले नियम पाळायचे, ही अटही अशा प्रत्येक नव्या इंजिनावर असतेच.

म्हणजे कढई थोडी मोठी केली आणि घाणे कमी केले. ज्या आरपीएमला गिऱ्हाईक रोज गाडी चालवतं, तिथे सुधारणा केली. जिथे ते वर्षातून चारदा जातं, तिथलं सोडून दिलं.

हा निर्णय कागदावर सोपा दिसतो. पण विचार करा, मीटिंगमध्ये कोणीतरी उभं राहून म्हणालं असेलच ना, की प्रतिस्पर्धी आपल्या जाहिरातीशेजारी स्वतःचा मोठा आकडा छापेल. तरीही केलं. एका आकड्यात हरायची तयारी ठेवली.

उणी बाजूही सांगतो

मी कोणाची जाहिरात करत नाही, म्हणून हेही लिहून ठेवा. २३८ किलो वजन आहे. उतारावर पार्क केलेली गाडी मागे ओढून काढताना घाम फुटतो. जमिनीपासूनची उंची १३५ मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे आपल्याकडचे घरगुती स्पीडब्रेकर जपूनच ओलांडावे लागतात. शहरात मे महिन्यात सिग्नलला उभं राहिलं की एवढ्या मोठ्या इंजिनाची गरमी मांड्यांना लागते. चेन आहे, शाफ्ट नाही, म्हणजे लांबच्या प्रवासात चेन साफ करणं आणि तेल देणं हे काम तुमचंच. काच हाताने सरकवायची आहे, महागड्या टूरिंग गाड्यांसारखी बटणावर नाही.

आणि पॉवर वाईट असते असाही निष्कर्ष काढू नका. कावासाकीकडेच निन्जा एच२ एसएक्स आहे, सुपरचार्जरवाली, ९९८ सीसी आणि २०० पीएस, तीही स्पोर्ट-टूरिंगच. ज्याला प्रवासही हवा आणि दोनशेचा आकडाही हवा, त्याच्यासाठी वेगळी वस्तू, वेगळ्या किमतीला ठेवली. एकाच वस्तूत दोन्ही गिऱ्हाइकं कोंबली नाहीत.

सातपूरचे डबेवाले दादा

आता आपल्या घरात येऊ. आमच्या एका बॅचमध्ये नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत जेवणाचे डबे पोचवणारे एक दादा होते. दादा-वहिनी दोघं मिळून धंदा करायचे. एके दिवशी ते ब्रेकमध्ये मला म्हणाले, "सर, समोरच्याने व्हॉट्सअपवर चाळीस भाज्यांचा मेनू टाकलाय. आम्ही पन्नास करतो. किचन वाढवायला कर्ज मंजूर होतंय. घेऊ ना?"

वहिनींचे दागिने तारण ठेवायचे होते. म्हणजे हा नुसता मेनूचा प्रश्न नव्हता.

मी त्यांना एवढंच सांगितलं, "दादा, कर्जाचं आठ दिवस थांबवा. तेवढ्या दिवसांत प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच विचारा, आपल्या डब्याबद्दल घरी जाऊन काय बोलता?"

आठ दिवसांनी दादा वही घेऊन आले. भाज्या कमी आहेत असं म्हणणारे दोन-चार जण होते. बाकी सगळ्यांचं एकच रडगाणं: डबा उशिरा येतो. कंपनीत जेवणाची सुट्टी साडेबाराला होते आणि अर्ध्या तासात संपते. डबा पावणेएकला आला तर पहिली पंधरा मिनिटं गेटवर उभं राहण्यात जातात, आणि मग गार पोळी घशाखाली ढकलून मशीनवर परत. त्या माणसाच्या दिवसात तो अर्धा तासच त्याचा स्वतःचा असतो. पन्नास भाज्या केल्या असत्या, तर त्याचा डबा आणखी उशिरा निघाला असता.

वाचताना वहिनी गप्प होत्या. मग म्हणाल्या, "सर, समोरच्याचा मेनू आम्ही रोज बघत होतो. गेटवर कोण उभं आहे ते बघितलंच नाही."

त्यांनी मेनू वाढवला नाही, उलट कमी केला. रोज दोन भाज्या, आठवड्याचा तक्ता ठरलेला. सकाळची चिराचिरी कमी झाली, डबे अर्धा तास आधी भरून व्हायला लागले. वाचलेल्या पैशांत गरम राहणाऱ्या पिशव्या घेतल्या आणि डिलिव्हरीला आणखी एक पोरगा ठेवला. डबा सव्वाबाराला गेटवर.

सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. पहिल्या महिन्यात काही गिऱ्हाइकं समोरच्याकडे गेली. दादांचा फोन आला तेव्हा आवाज पडलेला होता. पण राहिलेल्यांनी हळूहळू आपल्या लाइनवरचे सोबती आणले, आणि दागिने कपाटातच राहिले. गेलेली गिऱ्हाइकं परत आली का? काही आली, काही नाही आली. चाळीस भाज्या ज्याला खरंच पाहिजेत, तो दादांचं गिऱ्हाईक नाही. त्याला दोनशे पीएसवाली गाडी हवी आहे, त्याने ती घ्यावी.

या आठवड्याचा गृहपाठ

वहीत तीन रकाने पाडा.

पहिल्या रकान्यात तुमच्या मालाचे ते आकडे लिहा, जे तुम्ही जाहिरातीत, बोर्डावर किंवा व्हिजिटिंग कार्डवर टाकता. किती व्हरायटी, किती वर्षांचा अनुभव, किती मशीन, किती टक्के सूट.

दुसऱ्या रकान्यात प्रत्येकासमोर लिहा: गिऱ्हाइकाला हे कधी कामाला येतं? दिवसाची वेळ लिहा, जागा लिहा. "नेहमी" असं उत्तर चालणार नाही. वेळ सांगता आली नाही तर रकाना कोरा सोडा.

तिसरा रकाना थोडा अवघड आहे. गिऱ्हाईक तुमचा माल वापरताना कशाने दमतं? त्याच्या छातीवरचं पीठाचं पोतं कुठलं? बिल समजत नाही, फोन उचलला जात नाही, पार्किंग मिळत नाही, माल पोचला की नाही कळत नाही. हे तुमच्या मनाने लिहू नका. निदान दहा गिऱ्हाइकांना विचारून लिहा.

मग दुसऱ्या रकान्यात जिथे कोरी जागा राहिली, तिथला खर्च बघा. आणि तो तिसऱ्या रकान्यातल्या एका गोष्टीकडे वळवता येतो का ते तपासा. एकाच गोष्टीकडे, सगळ्यांकडे एकदम नाही. कर्जाच्या कागदावर सही करायची असेल, तर ती या तीन रकान्यांनंतर करा. आठ दिवसांनी बँक कुठे जात नाही.

तुमचा तिसरा रकाना कमेंटमध्ये नक्की लिहा. दुकानाचं नाव नको, फक्त धंदा कुठला आणि गिऱ्हाईक कशाने दमतं एवढं पुरे. त्यातले काही घेऊन पुढच्या रविवारी व्हिडिओत एकेकाचा हिशोब मांडू.

आणि कोणी खरोखरच ११००एसएक्स घेणार असेल, तर आधी टेस्ट राइड घ्या. सुसाट पळवून बघू नका. अर्धा तास सावकाश, ट्रॅफिकमध्ये, मागे घरचं माणूस बसवून चालवा. उतरल्यावर आधी त्यांना विचारा, कशी वाटली.

भेटू रविवारी. धंदा जपा, तब्येत जपा.